कुंकवाने जाम झालेला कॅमेरा

आणि वर मलाच म्हणतात, "वहिनी, तुम्हीच बिघडवला असेल!" आमचे धाकटे दीर. दर दसऱ्याला सासऱ्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावर हळदकुंकू टाकून पंचामृत शिंपडतं कोण, मी?

सासरे गेले, त्यांचा शेवटचा रोल अजून आत आहे. गावभर लग्नाचे फोटो काढले त्यांनी, सासूबाईंचा एकच काढला. तो ह्याच रोलवर.

आज बुधवार पेठेत दुरुस्तीला नेला. खालचा पेच निघाल्याशिवाय रोल निघत नाही, आणि पेच कुंकवाने जाम. कारागीर हसला, "भाभी, हा कॅमेरा आहे का देव्हारा?" तेल सोडलं तरी हलेना, कारण पेचकस बसायला खाचच उरली नाही. दीरसाहेबांनी मागे एकदा कुंकू काढायला सुरीने कोरून ठेवला होता! आता भोक पाडावं लागेल म्हणे, रोलची गॅरंटी नाही.

घरी सांगितलं तर दीरसाहेब म्हणतात, "जाऊ द्या ना, पूजेला तर चालतो!"

स्वतःच्या आईचा चेहरा आत सडतोय, आणि ह्यांना पूजेला चालतो.

ग्रुपवाल्यांनो, मला जोडलेले हात पाठवू नका. भोक न पाडता असा पेच काढणारा कोणी माहीत असेल तर गुरुवारपर्यंत नाव सांगा. शुक्रवारी दसरा आहे, दीरसाहेब परत वाटी घेऊन बसतील.