सहीच्या वरची कोरी जागा

“मेलेल्या माणसाले रस्ता कायले पायजे? त्याचे पाय थोडेच चिखलात भरतात?”

सरपंचबाईंचा नवरा हे बोलला आणि शाळेच्या व्हरांड्यातली ग्रामसभा हसली. सरपंचबाई डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. पद त्यांचं, तोंड त्याचं. मी पायरीखाली उभी होते, चपलांच्या ढिगाजवळ. आमच्या टोलीची, गावाबाहेरच्या वस्तीची, जागा तीच. वर येऊ नका असं कोणी म्हणत नाही. सरकून जागा मात्र कोणी देत नाही.

माय जाऊन चौदा दिवस झाले होते.

टोलीतून मसणवटीत जायला रस्ता नाही. धानाच्या बांध्यांतून, पाणी भरल्या खाचरांतून जावं लागतं. रोवणी झालेली, गुडघाभर चिखल. भावाचा पाय रुतला, तिरडी कलंडली, आणि मायचा उजवा हात कापडाबाहेर येऊन चिखलात बुडाला. मी तो पदरानं पुसला. नखांतला चिखल निघाला नाही. तसाच जाळला.

एवढंच सांगायला मी सभेत उभी राहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

ग्रामसेवकानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. “ताई, रस्त्याचा ठराव तर मागच्याच सभेत झाला. तुमची सही हाये ना.”

वाचलं. टोलीच्या मसणवटीचा रस्ता रद्द. तोच रस्ता तलावाच्या पाळीवरून, सरपंचांच्या शेतापर्यंत. शेवटची ओळ, ‘टोलीतील ग्रामस्थांची हरकत नाही.’ खाली मायचा अंगठा. त्याच्या शेजारी माझी सही. सुबक, आडनावासकट.

“शिकली-सवरली पोरगी तू,” सरपंचबाईंचा नवरा म्हणाला. “सही करून आता काऊन रडून राहिली? बैठ जाओ, मॅडम.”

पुन्हा हसले.

मला तो रविवार आठवला. मी गोंदियाला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. राहायला शहरालगत कुडव्यात, सुट्टीला गावी. आमच्याकडे सभेला माणसं कमी पडली की पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो. सह्या आधी. ठराव मागाहून, वरच्या कोऱ्या जागेत. सगळ्यांना ठाऊक. बायांना तर तो सांगायचाच, “तुमी कायले येता उन्हात? घरीच घेतो ना सही.” आणि आम्हाला तो उपकार वाटायचा.

त्या दिवशी मी पुस्तक वाचत होते. पानात बोट ठेवून दुसऱ्या हातानं सही केली. मायनं विचारलं, “वाच ना बाई, काय लिवलं हाये त्यात?”

मी म्हणाले, “काही नाही माय. हजेरी आहे.”

माझ्या शब्दावर तिनं अंगठा टेकवला. शाई केसांना पुसली आणि चुलीकडे गेली. तिला अक्षर येत नव्हतं, पण विचारायचं तिला कळलं. घरात वाचणारी मी.

व्हरांड्यात उभ्या उभ्या मला किळस आली. त्यांच्या हसण्याची आली. त्याहून जास्त माझ्या त्या वळणदार अक्षराची.

शिपायानं पेन पुढे केलं. “आजची सही करून टाका ताई. बाकीच्यांची घरून घेतो.”

मी पेन घेतलं नाही. म्हणाले, “आधी माझी मागणी लिहा. मोठ्यानं वाचा. मग सही.”

“सभा संपली,” सरपंचबाईंचा नवरा म्हणाला आणि उठला. सगळे उठले. माझ्या अंगावरून हात लांबवून आपापल्या चपला ओढू लागले. एकानं चप्पल माझ्या पायावर आपटली. मी हलले नाही.

तेव्हापासून एकही सभा चुकवली नाही. चपलांपाशी थांबत नाही, पायऱ्या चढून वर बसते. कोणी सरकत नाही, मी घुसते. मागच्या सभेचं इतिवृत्त आधी वाचायला लावते, शब्दन्‌शब्द. टोलीतल्या बाया सोबत येतात. कधी चार, कधी एकटी मीच. शिपाई टोलीत रजिस्टर घेऊन आला, तर दारातूनच परत जातो. लिहिलेल्या शेवटच्या शब्दापासून कागदाच्या कडेपर्यंत मी रेघ ओढते आणि तिला चिकटून सही करते. वर मुंगी शिरेल एवढीही जागा ठेवत नाही.

रस्ता अजून झालेला नाही. टोलीतलं पुढचं मढं त्याच चिखलातून जाईल. पण आमच्या सहीनं नाही.