सुतळीनं मोजलेलं व्हँकुव्हर

आमच्या भावकीत लेक देताना एकच माप. सकाळी तिच्या घरी जाऊन सांजच्या धारेला परत येता आलं पाहिजे. माझ्या नणंदा म्हणूनच इस्लामपूरच्या पुढं गेल्या नाहीत. आणि माझ्या लेकीला नोकरी लागली ती थेट कॅनडात, व्हँकुव्हरला!

माझे चुलत सासरे भावकीतले थोरले. शेताच्या मोजणीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी शाळेत जाऊन भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला सुतळी लावली, बांध मोजावा तशी सरळ, आणि आमच्या सोप्यात येऊन बसले.

"मुंबईच्या इमानतळापास्नं बावीस हजार किलोमीटर हाय, सूनबाई. पोरगी जायची न्हाई."

मी काय गप्प बसते होय! लेकीचा जुना पृथ्वीगोल काढला, मुंबईवर बोट ठेवलं आणि काळा दोरा ताणला. दोरा आपसूक वर सरकला, पार उत्तर ध्रुवाच्या अंगानं गेला. त्रैराशिक मांडलं, फोनवरही पडताळलं. बारा हजारांच्या थोडं वर.

"आवं मामंजी, पृथ्वी काय आपलं रान हाय व्हय सपाट? दहा हजार तुमी जास्तीचं लावलं."

"मग इमान काय बर्फावरनं जातंय?" ते हसले. लगेच गंभीर झाले. "बारा काय नि बावीस काय! उद्या तुझं डोळं मिटलं, तर लेक तोंडात पाणी घालायला कवा यायची? मढं किती येळ ठिवायचं आमी?"

खोटं कशाला बोलू? एवढं मात्र त्यांचं बरोबर होतं. दाराशी उभ्या लेकीचा चेहरा उतरला. आता ही "नाही जात" म्हणणार, हे मी ओळखलं आणि माझं डोकंच फिरलं.

"ह्यांना फौजेत धाडलं तवा कुणी सुतळी लावली?" मी खांबाला टेकलेल्या नवऱ्याकडं हात केला. "सासूबाई गेल्या, हे तिसऱ्या दिवशी राख सावडायला पोचले. तवा गावभर छाती फुगवून सांगत हिंडलात, आमचा गडी सीमेवर हाय म्हणून. लेकीचं आलं की बरं मढं आठवतंय!"

नवरा खाली मान घालून बसलेला.

"मी मेले तर थांबू नका," मी म्हटलं. "पाणी शेजारीण घालंल. अग्नी द्या नि मोकळं व्हा. पण पोरगी जाणार म्हंजे जाणार."

मामंजी चहा न घेता उठले. आमच्याकडं हा मोठा अपमान. होऊ दे.

गेल्या आठवड्यात ती गेली. भीती वाटते का? लय वाटते. भाकरी थापताना हात मधेच थांबतो, इतकी वाटते. पण ती भीती माझी आहे, माझी मी सांभाळीन. लेकीच्या पायात कशाला बांधू?