दहा वाजता न दिसणारं दुखणं

सुचेतामावशी बेंगळुरात मल्लेश्वरममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहते. तिला मायस्थेनिया आहे. म्हणजे स्नायू वापरले की थकतात, विसावा दिला की पुन्हा चालतात. हे कळण्यातच तिची तीन वर्षं गेली. तेव्हापासून तशाच पेशंटांबरोबर डॉक्टरांकडे जाणं हा तिचा उद्योग झालाय.

तिचे यजमान उपेंद्रकाका इथल्या एका विज्ञान इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला असतात. तिथल्या कॉम्प्युटरवर जगभरच्या मायस्थेनियावाल्यांची पत्रं येतात. शहाण्णव साली घरी कुठलं ईमेल? काका पत्रं छापून डब्याच्या पिशवीतून आणतात आणि गाडी उशिरा सुटणार असल्याच्या सुरात वाचतात: "कॅनडाच्या बाईंची... डावी पापणी... आज बरी आहे." मावशी उत्तर सांगते, ते काका दुसऱ्या दिवशी टाइप करतात.

मार्चमध्ये मावशीकडे गोदूबाई आल्या. तीन पिढ्या बेंगळुरातल्या, मराठीत निम्मं कन्नड. संध्याकाळ झाली की त्यांची पापणी पडायची, आवाज नाकात जायचा, लाटणं हातात धरवत नसे. सून श्वेता म्हणे, सकाळी देवळापर्यंत झपझप जातात, पोळ्यांच्या वेळीच बरे हात गळतात. डॉक्टरांनीही टेन्शन म्हणून घरी पाठवलं होतं.

मावशी त्यांना पुन्हा त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेली. गोदूबाई छान झोप काढून, पावडर लावून दहाच्या अपॉइंटमेंटला हजर. कसं आहे विचारल्यावर हळदीकुंकवाला आल्यासारख्या हसल्या. "परवागिल्ल डॉक्टर, बरं आहे." डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं.

मावशीने पत्रवाल्यांना विचारलं. तीन दिवसांत अकरा उत्तरं आली. सगळ्यांचं म्हणणं एकच: ताजंतवानं जाऊ नका, दमून जा, फक्त धाप लागली तर थांबा.

डॉक्टर सकाळीच बसायचे. म्हणून तिसऱ्या खेपेला मावशीने गोदूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं, वरच्या पंख्याकडे बघायला लावलं आणि मोठ्याने आकडे म्हणायला सांगितलं. श्वेता शेजारी पदर सावरत सासूला कुजबुजत होती, "अत्ते, लोक बघतायत." साठपर्यंत आवाज खणखणीत. सत्तरच्या पुढे सर्दी झाल्यासारखा. त्र्याऐंशी तर नाकातूनच निघाले, आणि उजवी पापणी खाली आली. तेवढ्यात नंबर लागला.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. हे कधीपासून, म्हणून विचारलं. गोदूबाईंना बोलवेना.

"वर्षभर," मावशी म्हणाली. "पण दहा वाजता दिसत नाही."

"तुम्ही नर्स का?"

"नाही. मीही पेशंटच."

डॉक्टर तपासण्या लिहू लागले. गोदूबाईंनी खुणेनेच श्वेताला आत बोलवायला लावलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं की हा बहुतेक स्नायूंचा आजार आहे, आळस नाही, आणि यावर गोळ्या आहेत. श्वेता सासूच्या पापणीकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "अत्ते, संध्याकाळच्या पोळ्या मी करीन."

गोदूबाई रिक्षात टेकून बसल्या. शब्द एकेक करून, नाकातून आले. "पोळ्यांचं राहू दे. डॉक्टर काय म्हणाले, ते घरी सगळ्यांना सांग. तू सांग."