काटेवाल्या अबाजींचा अर्ज

अबाजी वाक्रुळकर मुंबईला होते तेव्हा मस्जिद बंदरच्या बाजारात त्यांना 'काटेवाले' म्हणूनच ओळखत. होरमसजी शेठच्या वर्कशॉपात त्यांनी बावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. सोनाराच्या नाजूक तराजूपासून गोदीत गोणी तोलणाऱ्या काट्यापर्यंत कुठलाही काटा समोर आला, की तो उघडून पुन्हा बरहुकूम बसवणं हे त्यांचं काम. शेर-पौंड जाऊन किलोची वजनं आली, त्या दिवसांत तर त्यांना जेवायला फुरसत नव्हती. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, आपल्या इतर मराठी ज्यूंसारखे, बायको येहुदित आणि मुलगी मलका यांना घेऊन ते इस्राएलला आले. निघताना शेठनी त्यांच्या हातात दोन वस्तू ठेवल्या: पितळी वजनांची मखमली पेटी आणि इंग्रजीत टाइप केलेलं सर्टिफिकेट.

बोटीतून उतरल्यावर ट्रकनं त्यांना थेट नेगेवच्या वाळवंटात, येरुहामला आणून सोडलं. तिथं काट्यांचं काम कुठलं? अबाजींना खाणीत फावडं मिळालं. ते त्यांनी तीन वर्षं मुकाट्यानं चालवलं. पण ६२ सालच्या उन्हाळ्यात कंबर धरली ती सुटेना. डॉक्टर म्हणाला, "सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचं हे काम नाही."

"मग कुठलं आहे?" घरी आल्यावर अबाजींनी येहुदितला विचारलं.

"तुम्हांला ठाऊक आहे कुठलं ते," ती म्हणाली. "पेटी खाटेखाली ठेवून झोपता रोज."

खरंच होतं. गावात कुणाचा काटा बिघडला तर तो बसवर चढवून बीरशेवाला जाई, तिथून पुढं तेल अवीवला. परत यायला दोन महिने. तोवर दुकानदार अंदाजानं तोलायचा. इथंच एक छोटं वर्कशॉप काढलं तर? एक लहान लेथ, हत्यारं, सरकारी शिक्क्याची प्रमाण वजनं आणि डोक्यावर छप्पर, एवढंच लागणार होतं. आणि एवढ्यासाठी पैसा नव्हता.

अबाजींनी दारं ठोठावायला सुरुवात केली. बीरशेवाला नव्यानं आलेल्यांना धंद्यासाठी मदत देणारं ऑफिस होतं. तिथल्या बाईनं कागद पाहिले आणि म्हणाली, "तीन वर्षांच्या आत यायचं होतंस. दोन महिने उशीर झाला." बँकेत गेले. बँकेनं तारण मागितलं. रोजगार कचेरीत गेले. ते म्हणाले, "तुला काम आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी आम्ही." प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडत होती.

शेवटी वाट दाखवली ती गावच्याच कौन्सिलमधल्या योराम नावाच्या कारकुनानं. पोरगा पंचविशीचा, चप्पल घालून टेबलावर पाय टाकून बसणारा. हिब्रूत लहानथोर सगळ्यांना एकेरीच. मुंबईच्या माणसाला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. पण योराम मनानं चांगला होता. त्यानं कपाटातून एक परिपत्रक काढलं.

"हे बघ अबाजी. नव्या गावांत कारागिरानं वर्कशॉप काढलं तर सरकार यंत्रांचा निम्मा खर्च अनुदान म्हणून देणार, निम्मा सावकाश फेडायचा. आपल्या गावातून अजून एकही अर्ज गेलेला नाही."

"का?"

"कुणी वाचलंच नाही," योराम हसला. "मीसुद्धा आज वाचतोय. पण दोन अटी आहेत. एक, तुला हे काम येतं याचा पुरावा. दोन, गावाला या कामाची गरज आहे असं गावातल्याच कुणाचं तरी पत्र."

पुरावा ट्रंकेत होता. पत्राची अबाजींना काळजीच वाटली नाही. गावात सहा दुकानं, सहांचे काटे आजारी. त्याच संध्याकाळी ते अब्राहमच्या किराणा दुकानात गेले. अब्राहमनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि म्हणाला, "काम चांगलं आहे तुझं. पण माझा काटा बरोबर आहे. मी कशाला लिहून देऊ?"

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात तर मालकानं बोलता बोलता काट्यावर फडकं टाकलं. तेव्हा कुठं अबाजींच्या डोक्यात प्रकाश पडला. 'माझा काटा बिघडलाय' असं लिहून देणं म्हणजे गिऱ्हाइकांच्या हातात कोलीत देणं. यातला एकही लबाड नव्हता. काटे वाळूनं आणि वयानं बिघडले होते. पण लिहून कोण देणार?

येहुदित चिडली. "पेटी घेऊन जा आणि भर दुकानात किलोचं वजन ठेवा काट्यावर. कळू दे सगळ्यांना. मग येतील धावत."

"नाही," अबाजी म्हणाले. "मी काटे दुरुस्त करणारा आहे. माणसं पकडणं माझं काम नाही. आणि ज्याला आज तोंडघशी पाडलं, तो उद्या माझ्याकडे काटा आणील होय?"

असे दोन महिने गेले. अर्ज पत्रावाचून पडून राहिला आणि अबाजी कंबरेला पट्टा बांधून पुन्हा खाणीत जाऊ लागले.

हिवाळ्यात एक दिवस मलका रडत घरी आली. तिचं लग्न येरुहामलाच झालं होतं, आणि तिची पाच महिन्यांची मुलगी अविवा कडेवर होती. बाळांच्या दवाखान्यातून ती परत आली होती.

"बाबा, हिचं वजन उतरलं. दोन आठवड्यांत पावशेरभर. नर्स म्हणते तुझं दूध पुरत नाही, ऐकलं नाहीस तर बीरशेवाच्या इस्पितळात पाठवीन."

अबाजींनी नातीला दोन्ही हातांवर घेतलं. ती त्यांच्या मिशा ओढायला लागली. त्यांनी तिला जरा वर-खाली केलं, मग थोडा वेळ तसंच धरलं.

"दवाखाना हल्लीच नव्या जागेत गेला ना?" त्यांनी विचारलं.

"दहा दिवस झाले. का?"

"काटा कुणी हलवला?"

मलकाला त्यातलं काही कळेना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी अबाजी मखमली पेटी काखेत मारून तिच्याबरोबर दवाखान्यात हजर झाले. बाकावर सात-आठ बाया बसल्या होत्या, कुणी मोरोक्कोच्या, कुणी रुमानियाच्या, दोघी आपल्यातल्या, मराठी. सगळ्यांचे चेहरे उतरलेले.

नर्स पनीना ताठ, करड्या केसांची बाई. अबाजींचं म्हणणं ऐकून तिनं काट्याकडे बोट दाखवलं. "रोज सकाळी मी स्वतः बघते. रिकामा असताना तो बरोबर शून्यावर असतो."

"शून्यावर असेलच," अबाजी मोडक्या हिब्रूत म्हणाले. "शून्यावर मूल नसतं. पाच किलोवर बघू."

त्यांनी पेटीतून दोन किलोची दोन वजनं आणि एक किलोचं एक काढलं, आणि काट्यावरच्या बाळांच्या पाळण्यात एकेक करून अलगद ठेवलं. पनीनानं दांडीवरचा गोळा सरकवला. दांडी स्थिर झाली तेव्हा काटा पाच किलोला चार किलो साडेसातशे दाखवत होता. तिनं पुन्हा सरकवला. पुन्हा तेच.

मग पनीना खुर्चीवर बसली आणि आपली वही उघडून एकेक पान उलटू लागली. दहा दिवसांत तिनं अकरा आयांना दोष दिला होता. त्यांतल्या दोघींनी अंगावरचं दूध बंद करून टाकलं होतं.

अबाजींनी काटा तिथंच टेबलावर उघडला. पाळण्याचा भार ज्या पोलादी धारेवर येतो ती धार, सामान हलवताना आपटून, केसभर आत सरकली होती. म्हणून रिकाम्या काट्याला काही कळत नव्हतं आणि मूल जितकं जड तितकी खोट मोठी. त्यांनी धार सोडवली, घासली, जागेवर आणली, वजन ठेवलं, पुन्हा सोडवली. दीड तास गेला. बायांपैकी एकही घरी गेली नाही. शेवटी पाच किलोला काटा पाच किलो बोलला, दोनला दोन आणि पन्नास ग्रॅमला पन्नास.

"आता पहिली कोण?" पनीनानं विचारलं, आणि मलकानं अविवाला पाळण्यात ठेवलं. उतरलेलं तर सोडाच, पोरीनं दीडशे ग्रॅम कमावले होते. बाकावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर एकेक मूल तोललं गेलं आणि एकेक आई नाक पुसत, हसत बाहेर पडली.

पनीना अबाजींना पैसे द्यायला लागली. त्यांनी हात जोडले. "पैसे नकोत. मला एक पत्र हवंय."

तिनं एक नाही, दोन पानं लिहिली. काय झालं ते सगळं लिहिलं, स्वतःची चूकसुद्धा. "या गावाला काटे दुरुस्त करणारा माणूस हवा, आणि तो इथंच आहे," असं शेवटचं वाक्य. त्याच संध्याकाळी ती अकराही घरी स्वतः गेली आणि आयांची माफी मागून आली. अबाजींनी हे ऐकलं तेव्हा ते येहुदितला म्हणाले, "अशी माणसं असली की देश उभा राहतो बघ."

पत्र लागल्यावर अर्ज हलला. ६३ सालच्या वसंतात, पेसाखचा सण झाल्यावर, अबाजींना बीरशेवाला समितीपुढं बोलावणं आलं. येहुदितनं त्यांचा मुंबईचा सूट काढून इस्त्री केला. टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधला झेएव नावाचा इंजिनिअर, जाड भिंगांचा. त्यानं सर्टिफिकेट पालथं करून पाहिलं.

"हे कुणीही टाइप करून आणेल. तुला काम येतं याचा पुरावा काय?"

पुराव्याचं नाव निघालं आणि अबाजींच्या कपाळाची शीर उठली. त्याच दिवसांत लग्न लावायला गेलेल्या आपल्या लोकांच्या मुलांकडे धर्मगुरू ते खरे ज्यू असल्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरावे मागायला लागले होते. लोद गाव असो की येरुहाम, घराघरात तोच विषय होता. पण अबाजींनी आवाज चढवला नाही.

"कागदावर विश्वास नसेल तर ठेवू नका," ते म्हणाले. "काटा द्या."

झेएव बहुधा याचीच वाट पाहत होता. त्यानं बाजूच्या खोलीत तीन काटे मांडून ठेवले होते. "एक तास. काय बिघडलंय ते सांग आणि जमेल ते नीट कर."

अबाजींनी कोट काढून खुर्चीला अडकवला. पहिल्या काट्याची दांडी वाकली होती. ती त्यांनी वीस मिनिटांत सरळ केली. दुसऱ्याच्या वजनाच्या पोटातलं शिसं निघालं होतं. ते इथं भरता येणार नाही, भट्टी लागेल, असं सांगून किती ग्रॅम भरावं लागेल ते लिहून दिलं. तिसरा काटा त्यांनी उघडला, पाहिला, पेटीतली वजनं एकामागून एक ठेवून पाहिली, डावीकडे ठेवली, उजवीकडे ठेवली. मग तो बंद केला आणि हात पुसले.

"याचं काय?" झेएवनं विचारलं.

"याला काही झालेलं नाही."

"नीट बघ. अजून वेळ आहे."

"वेळ असला म्हणून चांगल्या काट्याला हात लावायचा?" अबाजी म्हणाले. "बावीस वर्षांत मी ते केलं नाही. आजही करणार नाही."

झेएवनं चष्मा काढला. इतका वेळ दगडासारखा असलेला त्याचा चेहरा सैल झाला. "आतापर्यंत चौघांना हे तीन काटे दिले," तो बाकीच्या दोघांना म्हणाला. "चौघांनी तिसऱ्यात काही ना काही दुरुस्त करून दाखवलं." मग अबाजींकडे वळून तो म्हणाला, "तुला कुणी शिकवलं, अदोन वाक्रुळकर?"

जवळजवळ चार वर्षांत पहिल्यांदा कुणी सरकारी माणूस त्यांना 'अदोन', म्हणजे 'साहेब', म्हणाला होता. "मुंबईनं," अबाजींनी उत्तर दिलं, आणि कोट चढवला.

मंजुरीचं पत्र यायला पुढं पाच महिने लागले. मागितलं होतं ते सगळं मिळालं नाही. लेथ मिळाला, प्रमाण वजनं मिळाली. जागेची मागणी मात्र कापली होती. तेव्हा योराम स्वतः कौन्सिलच्या बैठकीत उभा राहिला आणि दोन वर्षं रिकामी पडलेली, पत्र्याची एक खोली त्यानं अबाजींच्या नावावर करून घेतली. येहुदितनं लोदच्या नातेवाइकांकडून पोहे मागवले, खोबरं मिळेना म्हणून खजूर जास्त घातले, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं आभाराचा मलिदा केला. पनीनाला असलं काही ठाऊक नव्हतं. ती दोनदा मागून जेवली.

६४ च्या जानेवारीत लेथ आला. तो ट्रकवरून उतरवायला अर्धं येरुहाम जमलं होतं. दारावर अबाजींनी पाटी लावली: वर हिब्रूत, खाली मराठीत, 'अबाजी वाक्रुळकर, वजनकाटे'. मराठी वाचणारी गावात पाऊणशे माणसं असतील. जाता-येता ती थांबायची, वाचायची आणि उगीचच ताठ होऊन पुढं जायची. उन्हाळ्यापर्यंत डिमोनाहून आणि मिट्स्पे रामोनहून काटे यायला लागले. बीरशेवाला जाणारी बस आता उलट दिशेनं काटे आणत होती.

लोकही यायला लागले, पण ते काट्यांसाठी नव्हे. 'तो कागद कुठं मिळतो?' असं विचारायला. अबाजींनी परिपत्रकाची नक्कल करून ठेवली होती. सामाजी पत्रेवाल्याचा अर्ज त्यांनीच बसून भरला, आणि तो मंजूर झाला. त्यानंतर ॲलिस आली. तिशीची, नवऱ्यामागं दोन मुलं सांभाळणारी, शाळेत फरशी पुसायचं काम करणारी.

"काका, मला काय मिळेल सरकारकडून?" तिनं विचारलं.

अबाजींनी लेथ बंद केला आणि तिला स्टूल दिलं. "तसं विचारलंस तर काही नाही मिळणार. सगळी दारं मी तसंच विचारून पाहिली. आधी हे सांग, तुला काय येतं की ज्यावाचून या गावाचं अडतं?"

ॲलिसनं स्टूल जरा पुढं ओढलं. मग हळूच म्हणाली, "माझे वडील मुंबईला चष्मे बनवायचे. मी बसायची त्यांच्या शेजारी. काडी तुटली, काच निसटली, तर मला बसवता येते. इथं म्हाताऱ्या माणसांना तेवढ्यासाठी बीरशेवाला जावं लागतं."

"किती जणांना?"

"आमच्याच गल्लीत चौघं आहेत."

अबाजींनी खण उघडून कोरा कागद आणि पेन्सिल काढली आणि तिच्यापुढं सरकवली.

"चौघांची नावं लिही," ते म्हणाले. "उद्या सकाळी आपण दोघं त्यांच्याकडे जाऊ."