बेबीताईंची खुर्ची

हॉटेलच्या लाँड्रीत बेबीताई ओल्या चादरींची ढकलगाडी ढकलायच्या आणि सुपरवायझर त्यांच्याकडे इंग्रजी ढकलायचा. गठ्ठा जितका जड, तितकं इंग्रजी गोड. "बेबीताई, यू डोन्ट लुक अ डे ओव्हर फॉर्टी! तेवढं मशीन रिकामं करता का?" 'बेबी फेस' म्हणाला की समजायचं, टॉवेल आले. 'यंग अ‍ॅट हार्ट' म्हणाला की वरच्या मजल्याचे पडदे. एकदा 'वेल प्रिझर्व्ड' म्हणाला. सुनेनं अर्थ सांगितला, "नीट टिकवून ठेवलेलं."

"म्हणजे मी काय बरणीत आहे?" बेबीताई म्हणाल्या, पण अंगावर मूठभर मांस चढलंच. बाईंचा रोगच तो. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा भेटला की शिडीसुद्धा मागायच्या नाहीत. वय विचारलं तर "असेल पन्नाशीच्या आसपास." केस न चुकता काळे करायच्या. गुडघ्यांना कलप लागत नाही, एवढीच अडचण होती.

अशात फाटक्या चादरी शिवणारी बाई काम सोडून गेली. अख्ख्या लाँड्रीत बसून करायचं काम तेवढं एकच. बेबीताईंचा जीव त्या खुर्चीत अडकला.

सुपरवायझरनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "खुर्ची इस्त्रीवाल्या मावशींना. सगळ्यात वयस्कर त्याच."

मावशींचे केस पांढरेफटक, पण वयानं त्या बेबीताईंहून चांगल्या सहा वर्षांनी लहान. त्यांना मावशी म्हणायला सुरुवातही बेबीताईंनीच केली होती.

"आणि मी?"

"तुम्हाला कशाला खुर्ची? यू आर एव्हरग्रीन!"

दारात टेम्पोवाला उभा होता. तो रोज "ताई" म्हणायचा आणि तेवढ्यावर बेबीताईंचा दिवस जायचा. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे. गुडघ्यात कळ आली.

"खड्ड्यात गेलं तुमचं एव्हरग्रीन! चौसष्टची आहे मी, चौसष्टची! ही मावशी माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहे!"

मावशींनी इस्त्री आपटली. "आणि इतकी वर्षं मला मावशी मावशी करत होतीस? घे बाई तुझी खुर्ची, मला अजून उभं राहवतं. पण आता नावानं हाक मारायची!"

दुसऱ्या दिवशी बेबीताई खुर्चीत टेकल्या. गुडघे गप्प झाले. असं सुख त्यांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

टेम्पोवाला गठ्ठे घेऊन आला. "आजी, पाय जरा आत घ्या."

बेबीताईंनी पाय आत घेतले. मग मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागल्या, पण डोळे भरून आले होते, दोरा काही केल्या जाईना.