फोटोतल्या बाई

दहावीनंतर तीसेक वर्षांनी आमचा वर्ग रत्नागिरीत जमला, तेव्हा संग्रहालय बघायला जायचं आमच्या इतिहासाच्या बाईंनी ठरवलं. आम्ही शाळेत असताना ही सहल रद्द झाली होती आणि बाईंच्या मते ती अजून बाकी होती. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, पण आवाजातला दरारा तोच. दारातच त्यांनी आम्हाला दोन-दोनच्या रांगेत उभं केलं. माझ्या जोडीला आला कुवेतहून सुट्टीवर आलेला एक वर्गमित्र. शाळेत असताना आम्ही मुली मुलांशी बोलतसुद्धा नव्हतो. आता तो मला लेकीच्या लग्नाचे किस्से सांगत होता आणि बाई मागून आम्हाला गप्प करत होत्या.

आतल्या दालनात गावाचे जुने फोटो लावले होते. बंदरातली गलबतं, बाजारपेठ, लेझीम खेळणाऱ्या परकरातल्या मुली. आम्ही पुढे सरकलो, पण बाई मुलींच्या फोटोपाशीच थांबल्या. मी जवळ गेले तशा हळूच म्हणाल्या, "अगो, ही तिसरी मुलगी मीच."

मला वाटलं, त्यांना भास होतोय. पण त्यांनी बोटाने दाखवलं. सगळ्या मुलींचा उजवा पाय पुढे होता, एकटीचा डावा. चुकल्याबद्दल मास्तर ओरडले होते आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला होता. लहानपणीचा स्वतःचा फोटो त्या आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या. "गोड होते की मी," म्हणाल्या, आणि डोळे पुसताना त्यांना हसू फुटलं.

संग्रहालय सांभाळणाऱ्या तरुणीने लगेच खुर्ची आणली. या मुली कोण, हे तिला कुणीच सांगू शकलं नव्हतं. बाई एकेकीबद्दल सांगत गेल्या. एक लग्न होऊन मुंबईला गेली, एक नर्स झाली, एकीच्या वडिलांचा मासेमारीचा मचवा होता. आमचा दंगेखोर वर्ग फरशीवर मांडी घालून ऐकत बसला.

मग लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरी करणाऱ्या आमच्या मॉनिटरने विचारलं, लेझीम अजून आठवते का? बाई तडक अंगणात गेल्या. त्यांनी आकडे म्हणायचे आणि आम्ही रिकाम्या हातांनी वाकायचं, असं सुरू झालं. कुणाचे गुडघे कुरकुरले, कुणी भलतीकडेच वळलं, कुवेतवाला खाली बसला तो उठेचना. बाई हसून हसून पायरीवर टेकल्या.

भाट्याच्या किनाऱ्यावर जेवायला पोचेपर्यंत दुपार कलली होती. बाईंनी सोलकढी दोनदा मागून घेतली.