कानफुटीच्या बियांसाठी धारणीपर्यंत

अकोल्यातल्या आमच्या घरामागे मातीची एक पट्टी आहे. शेजाऱ्यांची तीन मजली इमारत उठली आणि तिथलं ऊन कायमचं गेलं. बायकोनं हुकूम सोडला, "सोमवारी मिस्त्री येऊन राह्यला. तोवर सावलीत फुलणारं काही आणा, नाही तं फरशी बसते." शनिवारी पहाटे मी निघालो.

मूर्तिजापूरला चहा, अमरावतीत नर्सरी. मालक म्हणाला, "काका, मनीप्लांट न्या. मरतच नाही."

"मले फुलणारं पायजे. अन् आपल्या इकडचंच."

"मंग जंगलात जा!"

तिकडंच तर निघालो होतो. डोक्यात कानफुटी होती: वाटाण्याच्या कुळातलं देशी झुडूप, मोठ्या झाडांखाली सुखानं वाढणारं. तिच्या तुऱ्यावर शिंपल्यांसारख्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, दुमडलेली पानं. पांढरं फूल आत लपलेलं. फोटोखाली चुकीचं लिहिणारे शिकलेले लोक मी पाहिले आहेत. मी कॉलेजची पायरी चढलो नाही, पण झाड ओळखायला चुकत नाही.

परतवाड्याला एसटी बदलली. घाटात वळणं फार, पोट हलकं ठेवा. सेमाडोहनंतर रस्त्याकडेला कानफुटी दिसली, पण व्याघ्रप्रकल्पातलं पानही तोडायचं नसतं. धारणीत मुक्काम केला. सकाळी जीपनं पुढच्या एका गावात गेलो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ धरून चला.

तिसऱ्या परसात, मोहाखाली, सापडली! मार्च असल्यानं तुरे वाळलेले. घरची बाई शेळी बांधत होती. म्हणाली, "पूरा झाड खोद लो ना, भाऊ."

"जड टूटी तो मर जाएगा. बीज दे दो बस."

"इतनी दूर से आए और कचरा ले जा रहे!" ती हसत सुटली. पण सगळ्यात वाळके तुरे तिनंच मोडून दिले.

सोमवारी मिस्त्रीच्या आधी घर गाठलं. बायकोनं पिशवीत डोकावून पाहिलं. "फूल कुठं हाय?"

"दोन वर्षांनी."

"दोन वर्षं म्या माती पाहात बसू?"

"हो. नाही फुललं तं फरशी मी सोताच्या हातानं बसवीन."

मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवला. बिया गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरल्या. आता सात रोपं आहेत, वीतभर उंचीची. मिस्त्रीसाठी आणलेली फरशीची चवड जिन्याखाली तशीच ठेवली आहे, शब्द दिला आहे म्हणून. परवा पाणी घालायला गेलो तर माती आधीच ओली होती.